बाजारातली पहिली जागा

कृष्णाबाईचा गुडघा धक्क्यावरच्या शेवाळाने घेतला. डोक्यावर कोलंबीची पाटी, पायाखाली ओहोटीने उघडी पडलेली पायरी, आणि नेमकी मागून कोणीतरी कोणालातरी हाक मारली. हाक तिला नव्हती. पण कोळीवाड्यात कोण कोणाला कशाला बोलावतंय हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून ती वळली आणि गुडघ्यावर आपटली. पाटी मात्र सोडली नाही. गुडघ्याच्या वाटीला तडा गेला, कोलंबी शाबूत राहिली, आणि पुढचे आठ दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे अभिमानाने सांगत होती.

डॉक्टरने मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय वाकवायचा नाही, आणि खाली मांडी घालून बसायचं तर होळीपर्यंत नाव काढायचं नाही, असं बजावलं. होळीला अजून अडीच महिने होते. कृष्णाबाईने मान डोलावली आणि मनात पहिला विचार जागेचा आला.

गोडदेवच्या मासळीबाजारात शिरलं की डाव्या हाताची पहिली जागा कृष्णाबाईची. तिच्या आधी तिच्या सासूची, आणि त्याआधी सासूच्या सासूची. दोन हात लांबीचा ओटा, पण गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं ते त्याच्यासमोरच. या जागेला कागद नव्हता. बसेल तिची जागा, एवढाच कायदा. आठ दिवस रिकामी राहिली की शेजारणीने पाटी सरकवायची, आणि बसायची ती घरचीच बाई हवी. पुरुष बसला तर जागा रिकामी धरायची.

हा शेवटचा नियम कृष्णाबाईनेच पक्का करून घेतला होता. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या ओट्यावरच्या हंसाची नणंद ऑपरेशनसाठी दवाखान्यात पडली, तेव्हा तिच्या जागेवर तिचा नवरा येऊन बसला. नवव्या दिवशी कृष्णाबाईने स्वतःच्या हाताने त्याची पाटी उचलून बाहेर रस्त्यावर ठेवली. "आज एक बाप्या बसला, उंद्या धा बसतील," ती म्हणाली होती. "मंग बायांनी कुठं जावं?" सगळ्या बायांना ते पटलं होतं. त्या नणंदेला जागा परत मिळाली नाही.

तेव्हा आता नवऱ्याला, गोपीनाथला बसवायचा प्रश्नच नव्हता. मुलगा भूपेश काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर होता, सकाळी आठला शर्ट खोचून निघायचा. त्याचं लग्न झालेलं असतं तर सून बसली असती. घरातली बाई म्हणून उरली नेत्रा, आणि नेत्रा दहावीला होती. शाळा सकाळी सातची, बाजारही सकाळी सातचा. कृष्णाबाईने एका संध्याकाळी बाजेवर भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "दोन-तीन मयने तू बस." नेत्रा बरं म्हणाली. तिने दुसरं काही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

भरतीची वेळ रोज बदले, तसं घराचं उठणंही बदले. गोपीनाथ खाडीतलं डोल जाळं काढून होडी धक्क्याला लावी, आणि नेत्रा जाळ्यातला माल पाटीत उतरवून घरी आणी. हल्ली खाडीत मासळीपेक्षा पिशव्या जास्त. आधी प्लास्टिक निवडून बाजूला टाकायचं, मग कोलंबी वेगळी, बोय वेगळी, निवट्या जिवंत तशाच डब्यात. कोलंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात शिरला की दोन दिवस ठणकतो. नेत्राच्या दहाही बोटांना बारीक भोकं पडली होती, आणि बर्फात हात घातला की ती दात आवळून घेई. कृष्णाबाई पडवीतल्या बाजेवर पाय लांब करून बसलेली असे आणि तिथून हुकूम सोडी.

"मोठी कोलंबी वर लाव गो. खाली घातलीस तं कोनाला दिसंल?"

"लावतेय."

"न निवट्या झाकू नको. हलताना दिसल्या पायजेत."

"आई, माहीत आहे मला."

तिला खरंच माहीत झालं होतं, आणि तेही महिन्याभरात. हिंदी बोलणारं गिऱ्हाईक पाटीकडे बघत पुढे निघालं की त्याला कोणत्या शब्दाने थांबवायचं, गुजराती बाई फक्त मांजरासाठी मासे घेते तेव्हा तिला कोणते द्यायचे, हे सगळं ती शिकली. पुस्तक मांडीखाली ठेवायची. गिऱ्हाईक नसलं की काढायची. शेजारची हंसा बघायची, पण तिचं लक्ष पुस्तकावर नव्हतं, जागेवर होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्वप्नाली आली. मूळची रत्नागिरीकडची, राहायला काशीगावात, आणि नोकरी एका संस्थेत. संस्था परदेशातली. मुलींना मुलांच्या बरोबरीने वागवलं जावं यासाठी ती देशोदेशी काम करायची, आणि इथे कोळीवाड्यात देवळामागच्या सभागृहात सहा वर्षं तिचं मुलींचं केंद्र चाललं होतं. संध्याकाळी गणित-इंग्रजी, शनिवारी कराटे, वर्षातून एकदा प्रत्येक मुलीचा फोटो. तो फोटो कुठल्यातरी थंड गावातल्या बाईकडे जायचा आणि तिकडून पत्र यायचं. कृष्णाबाईला विचाराल तर सहा वर्षांत संस्थेने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे छत्र्या. दुसऱ्या वर्षी वाटलेल्या छत्र्या अजून टिकून होत्या.

"मावशी, उद्या पुण्याच्या संचिता मॅडम येतायत," स्वप्नाली बाजेच्या कडेला टेकत म्हणाली. "संस्थेने काम कसं केलं ते बघायला. दहा घरं निवडलीत, त्यात तुमचं नाव लागलंय."

"मंग येऊ दे. चा पाजीन."

"चहाचं नाही ओ. नेत्रा शाळेत जात नाही हे त्यांना कळलं ना, तर केंद्राचं काय होईल सांगता येत नाही. सहा वर्षं खर्च केला आणि दहावीची मुलगी बाजारात बसलीये, असं लिहितील. केंद्र बंद पडलं तर बाकीच्या वीस पोरींचं काय? आणि माझंही."

स्वप्नाली हे अजिजीने बोलत होती, आणि कृष्णाबाईला तिची अजिजी बघवेना. पाय मोडला त्या दिवशी हीच पोरगी रिक्षात तिला मांडीवर टेकवून दवाखान्यात घेऊन गेली होती.

"रोज जाते शालेत, असं सांगायचं ना? सांगते. त्यात काय."

"नेत्रालापण सांगून ठेवते मी," स्वप्नाली म्हणाली आणि सुटल्यासारखी उठली.

संचिता मॅडम दुसऱ्या दिवशी दहाला आल्या. नेत्रा बाजारात होती. मॅडम पन्नाशीच्या, साध्या, पायातली चप्पल बाहेर काढून आत आल्या आणि सुक्या मासळीच्या वासाला नाक न मुरडता खाली बसल्या. यामुळे कृष्णाबाईचं त्यांच्याविषयी मत चांगलं झालं. त्यांनी टॅब मांडीवर घेतला. स्वप्नालीला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

"मी वाक्य वाचते, तुम्ही सांगा पटतं की नाही. मुलगा आणि मुलगी समान आहेत."

"कशात?"

"म्हणजे, एकूणच."

"एकूनच कशाला बोलू? होडी लोटायला पोरगा बरा, बाजार कराया पोरगी."

मॅडमनी काहीतरी टिपलं. घरातले पैसे कोणाच्या हातात असतात, हे विचारलं. माझ्या, असं कृष्णाबाईने सांगितलं. माल कोणाला द्यायचा हे कोण ठरवतं? मी. मोठी खरेदी, लग्नकार्य, दवाखाना? मीच. एकेका उत्तराबरोबर ती बाजेवर थोडी थोडी ताठ होत गेली. इतक्या सविस्तरपणे तिचा कारभार आजवर कोणी विचारून घेतला नव्हता, आणि तिला ते आवडू लागलं होतं. मॅडमही खूश दिसल्या.

"नेत्रा शाळेत नियमित जाते?"

"रोज," कृष्णाबाई म्हणाली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

"छान. आता हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा असतो, रागावू नका. मुलीच्या शिक्षणाला घरातून विरोध होतो, तो कोणाचा असतो? वडील, भाऊ, आजोबा, की इतर? तिच्या बाबांनी कधी शाळा सोड म्हटलंय? मारहाण वगैरे?"

गोपीनाथ मागच्या दारी जाळं विणत बसला होता. सुईचा आवाज येईनासा झाला. तो ऐकत होता, हे कृष्णाबाईला कळलं. तीस वर्षांत त्या माणसाने घरात आवाज चढवला नव्हता. माल धक्क्यावर आणायचा, तिच्या हवाली करायचा आणि ती देईल तो चहा प्यायचा, एवढंच त्याने केलं होतं. त्याच्यावर हे किटाळ आलेलं बघून तिच्या डोक्यात सणक गेली.

"त्यांचं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "त्या बापड्याला हितं कोन इचारतं? नेत्राला शालेतनं काढली ती मी."

मॅडमची बोटं टॅबवर थांबली. दाराबाहेर स्वप्नालीची ओढणी हलली.

"काढली म्हणजे?"

आता मागे घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही तिच्या मनात आलं नाही. तिने गुडघा, जागा, आठ दिवसांचा नियम, सगळं सांगितलं. सांगताना ते तिला नेहमीसारखंच बरोबर वाटत होतं. फक्त मध्ये एकदा 'मी काढली' हे शब्द पुन्हा तोंडून गेले, तेव्हा तिने पाणी मागितलं.

"यादीत आई नाहीये," मॅडम टॅबकडे बघत म्हणाल्या. "मी इतरमध्ये टाकते."

"इतर म्हंजे कोन?"

"म्हणजे बाकीचे कोणी."

"मी बाकीची न्हाय. घर माजं हाय. माजं नाव घाला."

मॅडमनी नाव घातलं. जाताना त्यांनी नेत्राला पाच वाजता केंद्रावर भेटायचं आहे, एकटीला, एवढं सांगितलं. स्वप्नाली त्यांच्यामागून गेली.

नेत्रा एकला बाजारातून आली. आपण मॅडमना काय सांगून बसलो हे कृष्णाबाईने तिला सांगायला हवं होतं. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बर्फ किती उरला ते विचारलं. मुलीसमोर स्वतःची फजिती सांगायची सवय तिला नव्हती. नेत्राने अंघोळ केली, हातांना लिंबू चोळलं, पुन्हा चोळलं, आणि कपाटातून शाळेचा गणवेश काढून घातला. महिनाभर पडून राहिल्याने त्याला घडीच्या रेघा पडल्या होत्या. वेणी घालून ती पाच वाजता निघाली तेव्हा कृष्णाबाई बाजेवरून तिच्या पाठीकडे बघत राहिली.

तासाभराने नेत्रा परत आली.

"काय इचारलं?"

"शाळेचंच. रोज जाते म्हणून सांगितलं." ती वेणीचं रिबन सोडत होती. "तुझं नाव नाही येऊ दिलं, काळजी करू नको. आई मला अभ्यासाला बसवते, कामाला हात लावू देत नाही, असं बोलले."

"न त्या काय बोलल्या?"

"काय नाय. ऐकून घेतलं. काल वर्गात गणितात काय शिकवलं ते विचारलं."

"मंग?"

"सांगितलं की. पुस्तकात पुढचा धडा जो आहे तो. एक उदाहरणपण करून दाखवलं." नेत्रा जरा हसली. "त्या माझ्या हातांकडेच बघत होत्या. वास गेला नसंल."

कृष्णाबाईला लाज वाटली. अशी लाज तिला कधी वाटली नव्हती. बाजारात भांडण हरल्यावरची लाज वेगळी असते. पोरगी गणवेश घालून, भोकं पडलेले हात मांडीवर ठेवून, परक्या बाईसमोर आईसाठी खोटं बोलत बसली होती, आणि त्या बाईला सगळं आधीच ठाऊक होतं. ते ठाऊक केलं होतं कृष्णाबाईने, आणि पोरीला सावध करायला तिची जीभ उचलली नव्हती. तिने नेत्राला जवळ बोलावून तिचे हात पाहिले. मग खोबरेल आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेत्राला शाळेत पिटाळलं. जागेवर कोण बसणार, या प्रश्नाला "मी बगते" एवढंच उत्तर दिलं. गोपीनाथने तिला रिक्षात आडवी घातली, प्लास्टरचा पाय सीटवर लांब, तो स्वतः पाटीसकट ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. बाजाराच्या तोंडाशी तो तिला काखेत धरून उतरवू लागला तेव्हा बायांनी हातातल्या सुऱ्या थांबवल्या.

ती ओट्यावर बसली नाही. बसताच येत नव्हतं. गोपीनाथच्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली आणि बोलली.

"बायांनो, पोरीची दहावी हाय. परीक्षा होईस्तोवर माज्या जाग्यावर हे बसतील. तुमी हो बोला."

एका म्हातारीने कोयत्यावर पाणी मारलं. गोपीनाथ पायांकडे बघत उभा होता, त्याचे कान लाल झाले होते.

"बाप्या बसला तं जागा रिकामी," हंसा शांतपणे म्हणाली. "मी न्हाय बोलत. तूच बोललेलीस."

"बोललेली."

"माजी नणंद रडत आलेली तुज्याकडं. पोटाला टाके होते तिच्या."

"हो."

"मंग?"

बाजार बघत होता. एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन मध्येच उभं होतं, त्यालाही काहीतरी चाललंय हे कळलं आणि ते थांबलं. कृष्णाबाईच्या मोडक्या पायात कळ आली होती, पण ती त्या कळेमुळे थांबली नव्हती.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कृष्णाबाईच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी हंसाच बोलली. गोपीनाथ बसला तर बसू दे, पण बायांच्या रांगेत नाही. पलीकडे मोरीजवळ, रांग संपते तिथे. आणि ही पहिली जागा आज रिकामी झाली ती झाली. परीक्षा संपली म्हणून ती परत मागायची नाही. नणंदेलाही परत मिळाली नव्हती.

हंसाच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब सरळ होता, आणि हंसाच्या जागी आपण असतो तर हेच म्हटलं असतं हे कृष्णाबाईला कळत होतं. तिने ओट्याकडे पाहिलं. सासूने घासून घासून गुळगुळीत केलेली कड सकाळच्या उजेडात ओली दिसत होती.

"उचला पाटी," ती गोपीनाथला म्हणाली.

मोरीजवळ वास होता आणि गिऱ्हाईक तिथवर येताना बहुतेक आपली पिशवी भरूनच येत होतं. गोपीनाथला ओरडता येत नव्हतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अपराध्यासारखा बघे आणि कोणी थांबलं की घाईने मासे वर उचलून दाखवी. कृष्णाबाई उलट्या टोपलीवर पाय लांब करून तासभर बसली, मग कळ सोसेना म्हणून रिक्षाने घरी आली. निघताना पहिल्या जागेवर हंसाची पाटी लागलेली तिने पाहिली. हंसाने मोठी कोलंबी वर लावली होती.

दुपारी स्वप्नाली डोकावली. कालपासून ती रुसली असेल असं कृष्णाबाईला वाटत होतं, पण तिचा चेहरा नुसता दमलेला होता.

"मॅडमचा फोन आलेला. आईचं एक, मुलीचं एक, उत्तरं जुळत नाहीत. म्हणून तुमचं घर गाळलंय. नऊच घरं धरणार."

"मंग केंद्राचं?"

"माहीत नाही ओ मावशी. एप्रिलमध्ये कळेल." ती निघाली आणि दारातून वळली. "नेत्रा आज शाळेत गेलेली ना? मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलाखत झाल्यानंतरचं धरता येत नाही."

नेत्रा शाळेतून आली ती तोंड लहान करूनच. वाटेत बाजारातून आली असावी. दप्तर खुंटीला न लावता ती बाजेसमोर उभी राहिली. गोपीनाथ नुकताच येऊन उरलेले मासे मिठात घालत होता.

"हंसा मावशी आपल्या जाग्यावर बसलीय."

"आता तिची हाय ती."

"कायमची?"

"हो. तू शालेचं बग. ते मिटलं."

नेत्रा रडली नाही. रडेल म्हणून कृष्णाबाईने समजुतीचे दोन शब्द तयार ठेवले होते, ते तसेच राहिले. पोरगी बोलली तेव्हा बाजारातल्या बायांसारखी, सरळ बोलली.

"आजीची जागा तुला आली. तुझी मला येणार होती. होडी दादाची, तो धक्क्यावर पाऊल टाकत नाही तरी त्याचीच. मग आता माझं काय?"

"तुला शाला दिली ना," कृष्णाबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच घालवली जागा."

"शाळा तर दादालापण होती."

मिठाचा हात थांबवून गोपीनाथने वर पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं. पोरगी उत्तरासाठी उभी होती, जायचं नाव घेत नव्हती. कृष्णाबाईने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. भूपेश कामावरून यायला तीन तास होते.

"आयकता का," ती नवऱ्याला म्हणाली. "ते मासे ऱ्हाऊ द्या. हात धुवा न हितं या. होडीचं बोलायचं हाय."